परदेशात धड अमेरिकन बर्गर कुठे मिळाला? अनुभव लिहा

रानजाई
काल खालच्या मजल्यावर कोणीतरी बिडाच्या तव्यावर कांदा पार करपेपर्यंत परतत होतं. वास वर आला आणि मी थेट एल रेनोला पोचले. ओक्लाहोमातलं छोटं गाव. नॉर्मनला शिकायला होते तेव्हा शनिवारी कोणाच्या तरी गाडीत कोंबून घेऊन आम्ही तिथे जायचो. काउंटरला स्टुलं, समोर तापलेला लोखंडी पत्रा, त्यावर खिम्याचा गोळा, गोळ्यावर आरपार दिसेल इतका पातळ चिरलेला मूठभर कांदा, आणि मग उलथन्याने सगळा जोर लावून सपाट. कांदा मांसात रुततो, कडा काळपट कुरकुरीत होतात. मंदीच्या काळात मांस पुरवायला कांदा घालायला लागले, आता गाव त्याच्याच नावावर जगतंय.

सध्या मुक्काम स्टुटगार्ट. बर्गरची दुकानं ढिगाने आहेत. पण वीतभर उंच, पोटात काडी खुपसलेली, वर रुकोलाची पानं, अंजिराचा जॅम, लोण्याचा ब्रिओश बन. पहिल्या घासाला बनचं टोपडं मागे सरकतं आणि ऐवज मांडीवर. मला एका हातात मावणारा, कागदात गुंडाळून देतात तो हवाय. कोणाला सापडलाय? देश कुठलाही चालेल.

खुंटीवरचा_कोट
नॉर्मन!!! कोणत्या साली? आम्ही लिंडसे स्ट्रीटजवळ राहायचो

दर्यावर्दी
सोपा नियम सांगतो. अमेरिकन सैन्याचा तळ शोधा. जहाजावर असताना जपानात योकोसुकाला खाल्लाय, तिथे नौदलाचा तळ आहे आणि गावात नेव्ही बर्गर म्हणूनच विकतात. नागासाकीकडचं सासेबोही त्यासाठीच प्रसिद्ध, पण तिथल्यात अंडं आणि गोडसर मेयोनेज, म्हणजे तो आता पुरता जपानी झालाय. चवीला उत्तम, पण तुम्ही म्हणताय तो नव्हे.
तुम्हाला तर लांब जायलाच नको. कैझरस्लाउटर्न गाठा, शेजारी रामस्टाइनचा हवाई तळ. तिथल्या गिऱ्हाइकाला अंजिराचा जॅम दिला तर तो दुसऱ्यांदा येणार नाही, त्यामुळे दुकानदार सरळ राहतो.

रानजाई
@दर्यावर्दी हे डोक्यातच आलं नव्हतं! मॅनहाइमला गाडी बदलून जाता येईल. रविवारी बघते.
@खुंटीवरचा_कोट विपु (विचारपुशीत निरोप) करते

चिमटा
मांडीवर ऐवज हाहाहा. माझ्या पांढऱ्या कुर्त्याची आठवण झाली

दुपारची_झोप
पोराला क्लासला सोडून पार्किंगमध्ये बसून लिहितेय, चुका पोटात घाला. आमचं लंडन. २०१३च्या जुलैत फाइव्ह गाइज आणि शेक शॅक या अमेरिकन साखळ्यांची दुकानं एका दिवसाच्या अंतराने उघडली, दोन्ही कोव्हेंट गार्डनलाच. नवरा न्यू जर्सीत वाढलेला. दोन्हीकडे रांगेत उभा केला मला, त्यात मी गरोदर. शेक शॅकचा बटाट्याचा बन हातात आल्यावर तो चक्क गप्प झाला, एरवी तोंड मिटत नाही. तर साखळीवाल्यांना नाकं मुरडू नका, घरची आठवण आली की तेच लागतं. आला वाटतं बाहेर, नंतर लिहिते

काजळमाया७
पॅरिस, २०१२. ल कामिऑं की फ्यूम नावाचा ट्रक, कॅलिफोर्नियाच्या एका बाईने आदल्या वर्षी सुरू केलेला. ट्रकची जागा बदलायची, आज कुठे आहे ते नेटवर बघून पळायचं. ताजा खिमा, बऱ्यापैकी चीज, उभ्याने खायचं. त्याच शहरात हॉटेलात बसलं की शेजारच्या टेबलावर बर्गर सुरीकाट्याने कापून खातात. मला सवय झाली, माझ्या टेक्सासच्या रूममेटला शेवटपर्यंत बघवायचं नाही.

ढब्बू_पैसा
आम्ही शाकाहारी, आमचं काय :( अमेरिकेत इम्पॉसिबल (वनस्पतींपासून केलेला, मांसासारखा लागणारा बर्गर) आल्यापासून चंगळ होती. २०१९पासून बर्गर किंगमध्येसुद्धा मिळायचा. ॲमस्टरडॅमला आलो आणि संपलं. त्यातलं हीम, म्हणजे मांसाची चव आणणारा घटक, जनुक बदललेल्या यीस्टपासून करतात, आम्ही होतो तोवर युरोपात परवानगी नव्हती. बियाँड नावाच्या तसल्याच दुसऱ्या बर्गरवर भागवलं. हॉटेलवाले व्हेज बर्गर म्हणून वाटाणा-गाजराची टिक्की देतात त्यापेक्षा बरंच बरं.

ताकाला_जाऊन
मूळ गोम चीजमध्ये आहे, कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. हौशी दुकानं जुनं चेडर लावतात. चांगलं चीज, मान्य. पण ते तापलं की तेल एकीकडे आणि गोळा एकीकडे. अमेरिकन चीजच्या पिवळ्या चौकोनात सायट्रेट नाहीतर फॉस्फेटचे क्षार असतात, त्यामुळे ते फुटत नाही, साय धरल्यागत मांसाच्या भेगांत उतरतं. जेम्स क्राफ्टने १९१६ साली प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं. प्लास्टिक म्हणून हिणवा हवं तर, पण बर्गरवर त्याला तोड नाही. बनचंही तसंच, मऊ आणि स्वस्त हवा. ब्रिओशमध्ये इतकं लोणी असतं की रस शोषायला जागाच उरत नाही.

मेपलचं_पान
क्राफ्टसाहेब जन्माने आमचे ऑन्टारिओचे बरं का, उगाच सगळं श्रेय अमेरिकेला नको :)
टोरांटोत बर्गर चांगले मिळतात. फक्त मीडियम रेअर (आतून थोडा कच्चा) मागू नका, खिमा आतपर्यंत ७१ डिग्री गेलाच पाहिजे असा इथला दंडक. पातळ पॅटीला तसाही फरक पडत नाही, जाड्याचं मात्र लाकूड होतं.

खुंटीवरचा_कोट
विपु बघितली. अगं म्हणजे मेच्या मोठ्या वादळाला तू तिथेच होतीस! आम्ही शेजाऱ्यांच्या तळघरात होतो, त्यांचं कुत्रं माझ्या मांडीवर

शिळ्या_कढीला
सिडनी. मागितला हॅम्बर्गर, आत बीट. उकडलेलं, व्हिनेगरमधलं बीट. वर अंडं. कधी अननसही. पहिल्यांदा वाटलं दुसऱ्याची ऑर्डर आली. आता बीट नसेल तर चुकल्यासारखं होतं, त्यामुळे या धाग्यावर मत द्यायला मी अपात्र.

चिमटा
कढी, तुम्ही गेलात कामातून

बिडाचा_तवा
अहो, शोधत कशाला बसता, घरी करा. युरोपात बीफचा साधा खिमा नियमाने जास्तीत जास्त २० टक्के चरबीचा असतो, पाकिटातला बरेचदा त्याहून कोरडा. खाटकाला खांद्याचं किंवा मानेचं मांस डोळ्यांसमोर एकदाच दळायला सांगायचं. मीठ आत मळायचं नाही, मळलं की सॉसेजसारखा चिवट होतो. हलक्या हाताने लिंबाएवढे गोळे, तवा धूर येईपर्यंत तापवायचा, गोळा टाकल्या टाकल्या दाबायचा. अर्ध्या मिनिटानंतर दाबलं तर रस बाहेर येतो, तेव्हा मग हात लावायचा नाही. मीठ वरून. उलटल्यावर चीज, त्यावर बन झाकण म्हणून. धुराचा अलार्म वाजणार, खिडकी आधी उघडा.

दुपारची_झोप
परत आले. @तवा, खिमा फ्रीजमधून काढून लगेच घ्यायचा की बाहेर ठेवायचा?

बिडाचा_तवा
गारच हवा. चरबी तव्यावर वितळली पाहिजे, हातात नाही.

ढब्बू_पैसा
जर्मनीतल्या कोणी अमेरिकन ड्रायव्हिंग लायसन्स बदलून घेतलंय का? अवांतर आहे पण इथे सगळे भेटलात म्हणून

रानजाई
@ढब्बू अमेरिकेतल्या राज्यागणिक वेगळं आहे, काहींना थेट मिळतं, काहींना लेखी परीक्षा द्यावी लागते, काहींना गाडी चालवून दाखवावी लागते. तुझं राज्य कोणतं?
@तवा आत्ताच करून बघितलं. अलार्म वाजला. कांदा झकास, पण पॅटी उलटताना कुरकुरीत भाग सगळा तव्यालाच राहिला

बिडाचा_तवा
उलथनं कोणतं? लाकडी-सिलिकॉनचं चालत नाही. पत्र्याचं, धारेचं घ्या, भिंतीचा रंग खरवडायचं नवं कोरं पातं मिळालं तर उत्तमच. सपाट धरून एका झटक्यात खरवडायचं.

चिमटा
नवं कोरं हं. नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतलं नको