गावांच्या नावांचं वर्गीकरण कसं करायचं? (जुन्नर तालुका, आठवीचा प्रकल्प)

कुकडीकाठ:
नमस्कार मंडळी. मी जुन्नर तालुक्यात शिक्षिका आहे, यंदा आठवीच्या मुलांना तालुक्यातल्या सगळ्या गावांच्या नावांची यादी करून त्याचं वर्गीकरण करायला दिलंय. यादी झाली, मुलांनी भराभर चार रकाने पाडले: झाडं, पाणी, देव आणि माणसं. झाडांचा रकाना तर बघता बघता भरला, आपटाळे, बोरी, हिवरे, निमगाव सावा, चिंचोली, पिंपळवंडी, आंबे... आणि गंमत म्हणजे एका मुलीने यादी नकाशावर मांडली तर तालुक्याच्या पश्चिमेला घाटाच्या अंगाला आंबे, आपटाळे अशी नावं आणि पूर्वेला जिकडे पाऊस कमी तिकडे बोरी, निमगाव. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच दिसलं!
पण पुढे गाडी अडलीये. नारायणगाव देवात घालायचं का माणसात? वडगाव आनंद मधला "वड" झाडात गेला तर "आनंद"चं काय करायचं? हिवरे दोन आहेत, एक हिवरे तर्फे नारायणगाव आणि एक हिवरे तर्फे मिन्हेर, हे "तर्फे" कुठल्या रकान्यात? आळेफाटा कुठे? आणि खुर्द बुद्रुक तर जिथे तिथे. याची काही ठरलेली पद्धत असते का? मुलांना झेपेल अशी सांगा प्लीज.

नकाशावेडा:
मॅडम पहिलं म्हणजे त्या मुलीला शाबासकी द्या, कारण अर्धा अभ्यास तिने केलाच आहे. नाव नकाशावर मांडल्याशिवाय बोलत नाही, नुसत्या यादीतून काही हाती लागत नाही.
पद्धती बऱ्याच आहेत. जॉर्ज स्टुअर्ट नावाचे अमेरिकन अभ्यासक होते, त्यांनी नाव का पडलं यावरून प्रकार पाडले: जागेचं वर्णन करणारी, एखाद्या घटनेवरून पडलेली, मालकाची, कुणाच्या स्मरणार्थ दिलेली, दुसरीकडून उचलून आणलेली, मुद्दाम घडवलेली, लोकांनी मागाहून अर्थ चिकटवलेली, अगदी चुकून पडलेलीसुद्धा. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावांच्या नावांवर भरपूर काम केलंय. पण आठवीच्या मुलांसाठी मी म्हणेन आधी नाव फोडायला शिकवा आणि मग रकाने पाडा. आपल्या नावांना बहुतेक वेळा तीन तुकडे असतात, पुढचा तुकडा, शेवटचा प्रत्यय आणि मागून लागलेलं शेपूट. वडगाव आनंद म्हणजे वड + गाव + आनंद. हे तीन तुकडे एकाच काळातले असतीलच असं नाही, म्हणून एकाच रकान्यात कोंबायला गेलं की अडकायला होतं. एका नावाला तीन खुणा करू द्या, काही बिघडत नाही.
शेपटाचं सांगतो. खुर्द आणि बुद्रुक फारसीतून आलेत, खुर्द म्हणजे लहान आणि बुजुर्ग म्हणजे थोरला त्याचं बुद्रुक. म्हणजे ही शेपटं सुलतानी काळातल्या दफ्तरात लागली, गाव त्याच्याआधीचं असू शकतं. एकाच नावाची दोन गावं शेजारी असली की महसूल गोळा करणाऱ्याला फरक करावाच लागायचा. आज कित्येक ठिकाणी खुर्द मोठं आणि बुद्रुक लहान झालंय, नाव मात्र तेच. सांगलीकडे कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज आहेत, तिथे बाजारपेठेचं गाव आणि शेतीचं गाव असा फरक नावातच राहिलाय.
आणि "तर्फे" म्हणजे तर्फ, तालुके व्हायच्या आधीचा महसुली विभाग. तो विभाग कधीच गेला पण तुमच्या हिवऱ्याने तो धरून ठेवलाय. त्यातलं मिन्हेर तर फारच मोलाचं आहे, मीना नदीचं खोरं ते मिन्हेर! तसंच घोड नदीचं घोडनेर, भामा नदीचं भामनेर. जुन्नरच्या बाजूच्या मावळांना अशी "नेर"वाली नावं होती. मुलांना नदीच्या कडेकडेने नकाशा बघायला लावा.

पाचवड:
नेर म्हणजे नगर ना? जुन्नर म्हणजे जीर्णनगर, संगमनेर म्हणजे संगमावरचं नगर असंच वाचलंय मी तर.

नकाशावेडा:
जुन्नर, संगमनेर यांच्या बाबतीत नगर बरोबर बसतं, आणि जुन्नर शहर सातवाहन काळापासून आहे, नाणेघाटाच्या तोंडावरची बाजारपेठ, तिथे नगर असणारच. पण घोडनेर, भामनेर ही शहरं नाहीत, ती अख्खी खोरी आहेत आणि प्रत्येकाच्या पुढे नदीचं नाव आहे. एकच प्रत्यय दिसला म्हणून उगम एकच धरायचा नाही, प्रत्येक नावाला विचारायचं की बाबा तू गाव आहेस का खोरं. म्हणून तर जागा बघणं गरजेचं.

साखळीकर:
गोव्यातनं लिहितोय. मॅडम तुमच्या यादीत चिंचोली आणि शिरोली आहे ना, त्यांच्या शेवटच्या "ओली"कडे लक्ष द्या. डोंबिवली, बोरिवली, कांदिवली, कणकवली, दापोली हे सगळं एकाच कुळातलं, पल्ली म्हणजे वस्ती, कन्नडमध्ये त्याचंच हळ्ळी झालं. फ्रँकलिन साउथवर्थ या भाषाशास्त्रज्ञाने अशी नावं नकाशावर मांडली तर कोकणपट्टीत दाटी दिसली, आणि त्यावरून त्यांनी मांडलं की इथे पूर्वी द्राविडी भाषा बोलणारे लोक राहात असणार. पुढचा तुकडा चिंच, तो मराठी, आणि मागचा तुकडा त्याहून जुन्या थरातला. आज मराठी बोलणारा माणूस रोज ते नाव घेतो आणि त्याला कल्पनाही नसते की आपण किती जुनी गोष्ट तोंडात घोळवतोय.
आमच्याकडे आणखी एक थर चढला तो पोर्तुगीजांचा. शिवोली, कांदोळी ही आमची नावं, ती रोमन लिपीत लिहिताना पोर्तुगीजांनी शेवटी एम लावला, तो फक्त नाकातला उच्चार दाखवायला. इंग्रजी वाचणाऱ्यांनी तो एम खणखणीत वाचला आणि आता सगळे टुरिस्ट "कँडोलिम", "सिओलिम" म्हणतात, आणि आमची नवी पोरं पण तसंच म्हणायला लागलीत याचं मला खरंच वाईट वाटतं. पाटी बघून गावाचं नाव शिकायची वेळ गावातल्याच मुलांवर यावी हे बरं नाही. उलट १८४३ मध्ये राजधानी झाल्यावर पणजीला नोव्हा गोवा असं अधिकृत नाव दिलं होतं, ते कागदावरच राहिलं, लोकांनी पणजी काही सोडली नाही.

वऱ्हाडातला:
आमच्या अमरावती जिल्ह्यात या म्हणावं मुलांना. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार असे दोन तालुके आहेत, एका चांदूरला रेल्वे मिळाली आणि एकाला बाजार, नाव तिथंच पक्कं झालं. धामणगाव रेल्वे पण आहे. खुर्द-बुद्रुकचंच काम इंग्रजांच्या काळात रेल्वेनं केलं असं समजा. आणि धामणगाव झाडाच्या रकान्यात टाकायच्या आधी थांबा, धामण नावाचं झाडही आहे अन् सापही आहे.

शीवपल्याड:
वर्णनाच्या नावांबद्दल मुंबईचं उदाहरण देते, कारण इथे जागा बदलली आणि नाव मागे राहिलं. उमरखाडीत आता ना उंबर ना खाडी. धोबीतलावात तलाव नाही, बुजवला. पायधुनीला भरतीचं पाणी यायचं तिथे लोक पाय धुवून पुढे जायचे म्हणतात, आज तिथे पाय टाकायला जागा नाही एवढी गर्दी. आणि आमचं शीव, म्हणजे हद्द, मुंबई बेट इथे संपायचं आणि पलीकडे साष्टी बेट. स्टेशनवर सायन वाचून मोठ्या झालेल्यांना हे कुणी सांगत नाही. ही चार नावं नकाशावर जोडली तर सात बेटांची मुंबई कुठे ओली आणि कुठे कोरडी होती ते दिसायला लागतं.
मुलांना "लोकांनी चिकटवलेले अर्थ" असा रकाना जरूर करायला सांगा. भेंडी बाजारचं उदाहरण घ्या, साहेब लोक "बिहाइंड द बाजार" म्हणायचे म्हणून भेंडी बाजार झालं अशी कथा सगळीकडे फिरते. इथे भेंडीची झाडं होती, भाजीची नव्हे, ती समुद्राकाठी वाढणारी. फुकटची इंग्रजी कथा लोकांना जास्त आवडते पण चिंचपोकळी, ताडदेव, वडाळा अशी झाडांची रांगच आजूबाजूला असताना भेंडीला इंग्रजी कशाला लागतंय. कथा फेकून देऊ नका मात्र, लोकांना काय सांगायला आवडतं तेही त्यातनं कळतंच की.

वेशीबाहेर:
सगळं वाचलं, छान चाललंय. एक गोष्ट मनापासून सांगायची आहे मॅडम. मुलं गावांच्या नावांवर थांबली तर ठीक, पण वाड्या-वस्त्यांवर गेली तर त्यात जातीच्या नावाच्या वस्त्या येणार. मी अशाच वस्तीत वाढलोय. एसटीत कुणी विचारलं कुठं उतरायचं तर आम्ही पोरं अलीकडच्या फाट्याचं नाव सांगायचो आणि तिथून चालत यायचो. वस्तीचं ते नाव आम्ही ठेवलेलं नव्हतं, गावाने ठेवलेलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला, पण त्याच्या कितीतरी आधीच लोकांनी आपली आपण भीमनगर, समतानगर, सिद्धार्थनगर अशी नावं लावून पाट्या रोवल्या होत्या. आमची पण तशीच लागली, वर्गणी काढून.
म्हणून माझं म्हणणं असं की झाड, पाणी, देव, माणूस याच्या शेजारी अजून एक रकाना पाडा: हे नाव कुणी दिलं? तिथे राहणाऱ्यांनी, शेजाऱ्यांनी, सरकारी दफ्तराने, की कुठल्या राजाने. संस्कृती बघायची तर ती इथेच दिसते. आणि वर्गात उभं करून कुणाला वस्तीचं जुनं नाव विचारू नका, एवढी विनंती.

कुकडीकाठ:
दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. वस्त्यांची नावं मुलांकडून घेणार नाही, आणि "कुणी दिलं" हा रकाना आजच घातला. दुपारी वर्गात करून बघितलं तर सगळी यादीच हलली! खुर्द बुद्रुक दफ्तराने दिलं, हिवरे तिथल्या माणसांनी, तर्फे पुन्हा दफ्तराने. आळेफाटा तर मुलांनीच सांगितलं की एसटीने दिलं, पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याण-नगर रस्ता जिथे एकमेकाला कापतात तिथे आळे गावाकडे जाणारा फाटा. आता तर फाटाच आळ्यापेक्षा गाजतोय. एका मुलाचा मामा किर्लोस्करवाडीला असतो, त्याने विचारलं मग कारखान्याने दिलेल्या नावाचं काय, तर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर कारखाना काढला आणि त्यावरूनच वस्तीला नाव पडलं, मग वालचंदनगर निघालं, ओगलेवाडी निघाली, असा एक अख्खा नवीन गट झाला.
एक अडचण आहे अजून. नाव बदललेलं असेल तर कुठलं धरायचं?

नकाशावेडा:
सगळी धरायची, ओळीने, प्रत्येकापुढे साल. खडकी बघा. खडकाळ जागा म्हणून खडकी, हे वर्णन. मलिक अंबरने १६१० मध्ये तिथे शहर वसवलं, त्याच्या मुलाच्या नावाने फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. पहिलं नाव जमिनीवरून, पुढची तिन्ही माणसांवरून. अशी एक ओळ मुलांनी लिहिली तर चारशे वर्षांत इथे सत्ता कुणाची होती ते त्यांना वेगळं शिकवावं लागणार नाही. पुणंही घ्या, राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत पुण्य विषय, पूनक विषय असं येतं (विषय म्हणजे तेव्हाचा कारभाराचा विभाग), आणि पेठांमध्ये वारांची नावं आणि सदाशिव, नारायण, नाना अशी माणसांची नावं शेजारी शेजारी नांदतायत.
अजून एक काम सुचवतो, घाई नाही, दिवाळीच्या सुट्टीत करा. शेतांची नावं गोळा करायला सांगा. सातबाऱ्यावर "शेताचे स्थानिक नाव" असा रकाना असतो, बऱ्याच ठिकाणी तो रिकामाच दिसतो कारण गट नंबर आल्यावर नाव लिहायची गरज कुणाला वाटत नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर चिंचेचा मळा, वाघदरा, पांढरीचा माळ अशी नावं एका दमात सांगतात. त्यात पांढरी आली की तिथे थांबा, पांढरी म्हणजे पूर्वी वस्ती होती ती जागा, काळी म्हणजे कसायची जमीन. गाव कुठून उठून कुठे बसलं ते शेताच्या नावात सापडतं, गावाच्या नावात नाही. फॉर्म तयार केलात की इथे टाका, मी पारनेरच्या बाजूला आमच्या दोन-तीन गावांत तोच वापरून बघतो म्हणजे तुमच्या मुलांना ताडून बघता येईल.