वर्गणीतून बंदरावर गावातल्या बायकांचं भिंतचित्र: व्हावं की नको?

खाडीकाठ:
जेटीकडची भिंत ४० फूट लांब, ८ फूट उंच. तिच्यावर मासळी विकणाऱ्या, सुईण, बालवाडीच्या बाई यांची चित्रं काढायची. खर्च गावाच्या आणि मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या वर्गणीतून. माझ्या मते व्हावं. नाक्यावरचे पुतळे बाप्यांचे, बायकांची नावं फार तर हळदीकुंकवाच्या पत्रिकेवर. आणि भिंतच बरी. पुतळा म्हटला की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. भिंतीला मालकाची लेखी संमती आणि ग्रामसभेचा ठराव घ्या. मालक कोण हे मात्र कागदोपत्री आधी बघा.

चिरेखाण:
चित्राला विरोध नाही, या भिंतीला आहे. भिंत जांभ्या दगडाची, आणि जांभा पाणी पितो. खालून ओल चढते, तिच्याबरोबर खार येतो, भिंत सुकली की खार रंगाखाली फुगतो. यालाच लोणा म्हणायचं. वरून ऑइल पेंट मारलात तर ओल आतच कोंडते आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटतात.

करायचंच असेल तर: एक फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आत थेंब दिसले तर रंगाचं नाव काढू नका. सिमेंटचा नवा गिलावा किमान २८ दिवस तसाच सोडा, नाहीतर त्यातला क्षार रंग खातो. मग क्षाररोधक प्रायमर आणि बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक. दोन हातांना लिटरमागे साधारण ५० चौरस फूट धरा, म्हणजे पायाच्या रंगालाच ७ लिटर. भिंतीच्या माथ्यावर ६ इंच पुढे आलेली पट्टी आणि तिच्या खालच्या कडेला खाच हवी. ती नसेल तर पाणी चेहऱ्यांवरून ओघळणार आणि मागोमाग शेवाळ. खालचा दीड फूट कोराच ठेवा, तिथे तांबड्या मातीचे शिंतोडे उडतातच. गेरू, रामरज असे मातीचे रंग उन्हात टिकतात. भडक गुलाबी आणि स्वस्तातला पिवळा आधी उडतो.

रापण:
भिंत रंगतली, पण बायकांनी टोपली घेवन बसाचा खंय? मासळीच्या लिलावाच्या जागी पत्र्याची शेड नाही, हात धुवायला नळ नाही, बायकांसाठी संडास नाही. चित्रातल्या बाईला सावली आणि खऱ्या बाईला ऊन? वर्गणी शेडला लावा, खांबावर नावाची पाटी ठोका. तोही सन्मानच.

खाडीकाठ:
शेड आणि संडास देणं ग्रामपंचायतीचं आणि बंदर खात्याचं काम. ते वर्गणीतून केलं की ती मंडळी सुटली, पुढच्या वर्षी दुरुस्तीही आपल्याच माथी. शेडसाठी ग्रामसभेत भांडू. चित्रासाठी मात्र कुठलं खातं पैसे देणार नाही.

रापण:
भांडायला ग्रामसभेत बायका येतात कधी? सभा लिलावाच्या वेळेला ठेवतात.

ओतकाम:
पुतळ्याला सरसकट नाही म्हणू नका. मालवणचा राजकोटावरचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, त्यामुळे सगळे घाबरलेत. पण अडीच फुटी अर्धपुतळ्यावर वाऱ्याचा तेवढा जोर येत नाही. कांसं स्वतः खाऱ्या हवेत टिकतं. त्याला साधा लोखंडी बोल्ट लावला की दोन धातूंच्या संगतीत लोखंड झपाट्याने गंजतं. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, ३०४ प्रतीला किनाऱ्यावर डाग पडतात. पोकळ भागाला खाली पाणी निघायला भोकं ठेवा. फायबर नको: उन्हाने पांढरट होतो आणि आतली लोखंडी सळी गंजून फुगली की चिरतो. परवानगीला वेळ लागतो, मान्य. पण निवडणूक आली की भिंतीवर कुणाचं चिन्ह चढेल याची हमी कोण देतं?

माहेरवाट:
बायका कोणत्या, हे अजून कुणी बोललं नाही. मोठी नावं हवीत तर आहेत: वणंदच्या रमाबाई आंबेडकर, १८७० साली देवरुखात जन्मलेल्या पार्वतीबाई आठवले, ज्या कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी वर्गणी मागत अमेरिकेपर्यंत गेल्या. पण रमाबाईंचं वणंदला स्मारक आहे, आपल्या सुईणीचं कुठेच नाही. म्हणून गावातल्याच घ्या. हयात बाईची लेखी संमती घ्या. लिलावात मोबाइलवर टिपलेल्या फोटोवरून चेहरा उचलायचा नाही. नाव विचारून लिहा: माहेरचं, सासरचं, की दोन्ही. रेशनकार्डावरून उतरवलंत तर निम्म्या जणी 'अमक्याची बायको' म्हणूनच भिंतीवर जातील. आणि देणगीदारांची नावं भिंतीवर नकोत. वार्षिक अहवालात छापा. पाच हजार देणाऱ्याचं नाव सुईणीपेक्षा मोठ्या अक्षरांत असलेल्या पाट्या काय कमी आहेत?

पावतीपुस्तक:
ही अट मुंबई मंडळात मांडून बघा, निम्मी वर्गणी तिथेच आटेल. तरी अट योग्यच आहे. खातं तीन सह्यांचं, त्यातल्या दोन बायकांच्या. जमेतला दहावा भाग डागडुजीला बाजूला. चित्रकाराला ३० टक्के आगाऊ, ५० काम संपल्यावर, उरलेले २० एक पावसाळा काढून दसऱ्याला. हे करारात आधीच लिहा, मागाहून कुणी ऐकत नाही. शिमग्याला चाकरमानी आलेले असताना उद्घाटन हवं, तर गिलावा दिवाळी झाल्याबरोबर उरका.

चिरेखाण:
दिवाळी झाल्याबरोबर नको. या भिंतीच्या पाठीला मातीचा भराव आहे, ती डिसेंबरातही पाझरते. आधी पाठीमागे चर खणून पाणी काढा, तळाला पाझराची भोकं पाडा, जानेवारीत गिलावा. तरीही सकाळी प्लास्टिकखाली थेंब दिसले, तर उद्घाटन पुढच्या शिमग्याला.