रंगमंचावरचा गळा पॉपमध्ये चालतो का? एरियाना ग्रँडेच्या निमित्ताने

तिसरी_घंटा

अमेरिकन पॉप गायिका एरियाना ग्रँडेचा प्रवास वरवर सरळ दिसतो. फ्लोरिडात लहानपणी मुलांच्या नाट्यसंस्थेत ‘ॲनी’, २००८ मध्ये ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर) ‘१३’ हे संगीत नाटक, २०१० पासून निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवर ‘व्हिक्टोरियस’ ही मालिका, २०१३ मध्ये पहिला अल्बम. पण रेकॉर्ड कंपनीशी करार २०११ चा, त्याच वर्षी आलेलं पहिलं गाणं फारसं चाललं नाही आणि अल्बम यायला २०१३ चा सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात नेमकं काय बदललं? नाटकात तयार झालेला गळा पॉपला उपयोगी पडतो की आड येतो? आणि अठराच्या आत कमावलेल्या पैशाचं काय होतं?

बालनाट्यात गाणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी टिपण करायचं आहे. चरित्र नको, कामाचं तेवढं सांगा.

विंगेतून

सुरुवात ‘१३’ पासून करावी लागेल. जेसन रॉबर्ट ब्राउनचं संगीत, नट सगळे किशोरवयीन, वाद्यवृंदही किशोरवयीनांचा. ५ ऑक्टोबर २००८ ला उघडलं, ४ जानेवारी २००९ ला बंद झालं, प्रयोग १०५. एरियाना तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि तिची भूमिका छोटी होती, शार्लट नावाची. म्हणजे ती ‘ब्रॉडवे स्टार’ वगैरे नव्हती. तिला तिथे मिळालं ते वेगळं: आठवड्याला आठ प्रयोगांची सवय.

आठ प्रयोग म्हणजे दोन दिवस दुपार-संध्याकाळ असे दोन-दोन. गळा बसला तरी पट्टी तीच, हालचाल तीच, आणि समूहगानातला आपला स्वर शेजारचा चुकला तरी सोडायचा नाही. छोट्या भूमिकेतलं मूल बहुतेक वेळ समूहातच गातं, त्यामुळे हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गाण्याची जुळणी, कानात पक्की बसते. तिच्या पुढच्या सगळ्या अल्बममध्ये मागे जे आवाजांचे थर ऐकू येतात त्याचं मूळ मला मुख्य भूमिकेपेक्षा इथे दिसतं. पालक मात्र मुख्य भूमिकेसाठीच हटून बसतात. त्यांना हे जरूर सांगा.

आता आड काय येतं ते. नाटकात शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा लागतो. ब्रॉडवेवर नटांना माइक असतो, केसांच्या रेषेवर कपाळाशी चिकटवलेला, तांदळाच्या दाण्याएवढा, वायर विगखालून पाठीवर. पण तो तोंडापासून लांब असतो आणि कुजबुज टिपत नाही, त्यामुळे आवाजाची फेक ठेवावीच लागते. व्यंजनं ठसठशीत, स्वर मोकळे, वाक्याचा शेवट पूर्ण. असंच गाणं स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकसमोर (तो बारीक आवाजही टिपतो), दहा-पंधरा सेंटीमीटरवरून गायलं की ‘प’ आणि ‘ब’ धाडकन आदळतात, ‘स’ टोचतो आणि गाणं भाषणासारखं वाटतं. नाटकातून आलेल्या मुलांची पहिली रेकॉर्डिंग इथेच फसतात.

एरियानाने उलट टोक गाठलं. सुरुवातीच्या अल्बमांत तिचे शब्द कळत नाहीत ही तक्रार रास्तच होती. वरच्या पट्टीत स्वर गोल ठेवायला व्यंजनं सैल सोडावी लागतात, आणि एरियाना ती फारच सोडत होती. पुढे तिने ते बरंच सावरलं.

फेडर_वर

२०११ ते २०१३ बद्दल. गळा तोच होता, बदलला तो श्रोता. डिसेंबर २०११ चं ‘पुट युअर हार्ट्स अप’ हे ‘व्हिक्टोरियस’मधली तिची कॅट ही भूमिका बघणाऱ्या लहान मुलांसाठी बेतलेलं होतं. तिने नंतर ते आपलं मानलंच नाही. खरं तर कंपनीचं लक्ष तिच्याकडे गेलं होतं ते यूट्यूबवर टाकलेल्या मोठ्यांच्या आर-अँड-बी गाण्यांमुळे. म्हणजे निवड एका कारणासाठी आणि पहिलं गाणं दुसऱ्याच गिऱ्हाइकासाठी. मार्च २०१३ मध्ये रॅपर मॅक मिलरबरोबरचं ‘द वे’ आलं, बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकन गाण्यांच्या क्रमवारीत नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. सप्टेंबरचा पहिला अल्बम ‘युअर्स ट्रूली’ थेट अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आला, पहिल्या आठवड्यात अमेरिकेत सुमारे १,३८,००० प्रती. हे होत असताना ती निकलोडियनच्या पुढच्या मालिकेत तीच कॅट करत होती. टीव्ही सोडल्यावरच संगीताला सुरुवात होते असं काही नाही.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आणि कमी बोलला जाणारा. तिने स्टुडिओचं काम स्वतःच्या हातात घेतलं. किशोरवयातच ती बॉसचं आरसी-५० लूप स्टेशन वापरायची: पायाने बटण दाबून एक ओळ मुद्रित करायची, ती फिरत ठेवून वर दुसरी, मग तिसरी. पुढे ‘थँक यू, नेक्स्ट’ आणि ‘पोझिशन्स’ या अल्बमांवर व्होकल प्रोड्यूसर म्हणून तिचं नाव आहे. प्रो टूल्स या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे टेक (एकेका वेळचं मुद्रित गायन) ती स्वतः कापते.

हे काम साधारण असं चालतं. मुख्य गायनाचे सहा ते दहा टेक, तेही ओळीओळीने. त्यांतून शब्द, कधी कधी नुसतं अक्षर, निवडून एक सलग टेक जुळवायचा. मग मुखड्यासाठी तीच ओळ आणखी दोनदा गाऊन एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवायची. मग हार्मनी: तीन स्वर असतील तर प्रत्येकाचे चार थर, म्हणजे बारा वेगळी मुद्रणं, बारा ट्रॅक. शेवटी हरकती. थर जमत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा सूर नसतो. ‘त’, ‘क’, ‘स’ बारा ट्रॅकवर बारा वेगळ्या क्षणी पडतात आणि तडतड ऐकू येते. म्हणून ओळीच्या शेवटचं व्यंजन एकाच ट्रॅकवर उच्चारायचं, बाकीच्यांवर गिळायचं. नाटकातल्या मुलांना हे सगळ्यात जड जातं, कारण शेवटचं व्यंजन खाऊ नको हेच त्यांना तालमीत वर्षानुवर्षं सांगितलेलं असतं.

घरी सराव करायचा तर फोनवरचं फुकट मल्टिट्रॅक ॲप आणि वायरचा इयरफोन पुरतो. ब्लूटूथ नको, आवाज उशिरा येतो आणि मूल तालाच्या मागे गायला लागतं.

तिसरी_घंटा

हे फारच उपयोगी. अजून एक: वय वाढताना मुलींचाही आवाज फुटतो का? तेरा वर्षांच्या मुलीला खड्या (छातीतून जोरकस काढलेल्या) आवाजात वर किती गाऊ द्यावं?

काळी_चार

फुटतो, पण मुलांसारखा सप्तकभर खाली घसरत नाही. साधारण बारा ते चौदा या काळात मधल्या पट्टीत हवा गळायला लागते आणि खालचा-वरचा आवाज जिथे जोडला जातो तिथे खाच पडते. स्वरतंतू पूर्ण मिटत नाहीत म्हणून हे होतं. अशा वेळी मूल जोर लावून ती खाच बुजवतं. तिथूनच घोगरेपणा सुरू होतो आणि जोर चालूच राहिला तर स्वरतंतूंवर गाठी येतात.

आकडा हवाच असेल तर: मध्य सप्तकाच्या पांढरी एकपासून (पेटीवरचा ‘सी’ हा सूर) एक सप्तक वर, म्हणजे तार सप्तकाच्या पांढरी एकच्या वर, या वयात खडा आवाज सलग ताणू नये. एखादी ओळ चालेल, आख्खा मुखडा नको. वरचं हलक्या आवाजात गाऊ द्या, नाहीतर गाण्याची पट्टी दोन सुरांनी उतरवा. बालनाट्यात सगळ्यांसाठी एकच पट्टी ठरते आणि ती बहुधा पेटीवाल्याच्या सोयीची असते, तिथे पालकांनी बोललं पाहिजे. रियाजाआधी दहा मिनिटं स्ट्रॉमधून अर्ध्या पेल्या पाण्यात बुडबुडे काढत सूर खालून वर न्यायचा. बुडबुडे तुटले की जोर लागतोय असं समजायचं. बसलेला आवाज दोन आठवड्यांत सुटला नाही तर काढे थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या.

एरियानाचंच पुढचं उदाहरण बघा. २०२४ च्या ‘विकेड’ चित्रपटातल्या ग्लिंडासाठी तिला पॉपची हवेशीर लकब बाजूला ठेवून पाश्चात्त्य शास्त्रीय वळणाचा सोप्रानो (स्त्रीचा सर्वांत वरच्या पट्टीतला) आवाज नव्याने बसवावा लागला. तिशीच्या उंबरठ्यावर, एवढी यशस्वी गायिका असताना, शिक्षकाबरोबर पुन्हा रोजचा सराव. ऑस्करचं नामांकन त्याच भूमिकेसाठी मिळालं.

आवाजाबाहेरचं एक. ‘व्हिक्टोरियस’च्या वेळी तिचे केस दर दुसऱ्या आठवड्याला ब्लीच करून लाल रंगवले जात. चार वर्षांत ते इतके खराब झाले की केसांचे जोड लावून घट्ट पोनीटेल घालण्यावाचून पर्याय उरला नाही. लोकांनी ती स्टाइल म्हणून उचलली. मुलांच्या करारात केस, वजन, मेकअप याबद्दल आधीच लिहून घ्या.

हिशेबवही

पैशाचं सांगतो. न्यूयॉर्कमध्ये २००४ पासून बालकलाकाराच्या ढोबळ कमाईचे १५ टक्के त्याच्या नावच्या ट्रस्ट खात्यात जातात, म्हणजे ‘१३’ त्यात आलं. कॅलिफोर्नियात हाच नियम ‘कूगन खातं’ म्हणून ओळखला जातो. चॅप्लिनबरोबर काम केलेल्या जॅकी कूगनची बालपणातली सगळी कमाई आई आणि सावत्र वडिलांनी उडवली, त्यातून १९३९ चा कायदा झाला. २००० मध्ये तो कडक झाला आणि कमाई मुलाची, पालकांची नव्हे, हे स्पष्ट झालं.

आपल्याकडे २०१७ मध्ये सुधारलेले बालकामगार नियम बघा. १४ वर्षांखालच्या कलाकाराकडून व्यावसायिक कार्यक्रमात काम करून घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास, विश्रांतीशिवाय तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही. कमाईचे किमान २० टक्के मुलाच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. परवानगी आयोजकाने काढायची असते, पालकांनी तिची प्रत मागून घ्यावी. चौदा पूर्ण झाली की ही २० टक्क्यांची सक्ती संपते, आणि गाण्याचे पैसे यायला लागतात ते बहुधा त्याच वयात. म्हणून चौदा ते अठरासाठी ही अट करारात स्वतः घाला. मुलाने स्वतःच्या कलेतून मिळवलेलं उत्पन्न आयकरासाठी पालकांच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही, त्याचं वेगळं पॅन काढून वेगळं विवरणपत्र भरता येतं.

आणि गाण्याच्या हक्कांबद्दल, कारण नाटकातून आलेली मुलं नाट्यगीतांच्या चाली हमखास वापरतात. एरियानाच्या २०१९ च्या ‘७ रिंग्ज’ची चाल १९५९ च्या ‘द साऊंड ऑफ म्युझिक’ या संगीत नाटकातल्या गाण्यावर बेतलेली आहे. परवानगी रीतसर घेतली, पण गीत-संगीताच्या स्वामित्वधनातला ९० टक्के वाटा रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या मूळ संगीतकार-गीतकारांच्या गाण्यांचे हक्क असलेल्या कंपनीला गेला. उरलेल्या १० टक्क्यांत बाकीचे सगळे गीतकार-संगीतकार. गाणं आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ही टक्केवारी लेखनाच्या हक्काची, ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. करारात गायनाचं मानधन, ध्वनिमुद्रणाचा वाटा आणि लेखनाचा वाटा या तीन रकमा तीन वेगळ्या कलमांत लिहून घ्या, आणि ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं एका ओळीत लिहिलेलं दिसलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.