मदत हवी आहे: पावसाळ्यात चावीच्या घड्याळाला ओल धरू नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. इकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, कपाटातल्या पट्ट्यालाही बुरशी येते. बाबांचं चावीचं एचएमटी जनता मी रोज वापरते. आता सहाच्या आकड्याजवळ काचेच्या आतून वाफ धरते. ऊन पडलं की जाते, गारठा पडला की पुन्हा येते. डायलच्या कडेला बारीक तपकिरी ठिपकेही दिसू लागलेत. आत हेअरस्प्रिंगला, म्हणजे मशीनमधल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, गंज चढला तर काय, याची फार काळजी वाटते.

तांदळात ठेव असं सगळे सांगतात, पण तांदळाची भुकटी मशीनमध्ये जाईल म्हणून मला ते पटत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवलंय. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली, एवढं कळतं. ते तव्यावर तापवून परत वापरता येतात का? चावी आणि मागच्या झाकणाचं गॅस्केट (ओल आत जाऊ न देणारी रबरी कडी) जुन्या घड्याळाला नवीन बसतं का? आणि मुख्य म्हणजे, बेळगावात खडेबाजार किंवा शहापूरकडे मशीन पूर्ण उघडून साफ करणारे जुने कारागीर कोणी आहेत का? घड्याळ कुरिअरनं लांब पाठवायला मन धजत नाही.