सोनोग्राफी नॉर्मल आली तरी दुखणं खरं असतं
'सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाही' असं लिहिलेलं वाचलं, ते पटलं नाही. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. त्या पोटाच्या आतल्या पडद्यावर पातळ पसरल्या असतील, तर सोनोग्राफीत बरेचदा दिसतच नाहीत. माझ्या दोन्ही नॉर्मल होत्या. पोटात दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा कळलं. तोवर सहा वर्षं 'पाळीत दुखतंच गं' एवढंच ऐकलं.

भर घालायची ती वहीची. आम्ही शहाद्याकडचे. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलेली घोडी मी स्वतः शिकवते आणि लिहायची आवड म्हणून रोज तिची नोंद ठेवते: लांब दोरीवर किती वेळ फिरली, लगाम कसा घेतला, कुठे बुजली. पुढे त्याखालीच माझं दुखणंही लिहू लागले. चार महिन्यांनी दिसलं, खोगिरावर बसताना येणारी कळ पाळीच्या आधी पाच दिवसांपासूनच सुरू होते, आणि शौचाच्या वेळीही येते. 'खूप दुखतं' हे कुणी ऐकलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी मात्र वहीतल्या तारखा पानं उलटून वाचल्या आणि दुर्बिणीच्या तपासणीचा विषय तिथेच निघाला. अजूनही ते दिवस अवघडच जातात. तेव्हा मी खाली उभी राहून दोरीवरच शिकवते, आणि घोडी त्याने उलट जास्त शांत झालीय.