मदत हवी आहे: पाठलागाच्या शॉर्टफिल्ममधली भीती मध्येच विरते

बारा मिनिटांची शॉर्टफिल्म, रफ कट (पहिलं कच्चं संकलन) तयार. रात्रीचा निर्मनुष्य रस्ता, गाडीत एकटी बाई, मागे ट्रक. ‘ड्युएल’ (1971) या पाठलागाच्या सिनेमात ट्रकवाल्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. इथेही दाखवायचा नाही, हे पक्कं. पहिली चार मिनिटं घट्ट बसलीत. पण ट्रकने दुसऱ्यांदा हूल दिली की बघणारे सैलावतात, पुढे नुसती शर्यत वाटते.

कट जलद केले, तर दोन गाड्यांमधल्या अंतराचा अंदाजच हरवला. संगीत चढवलं की माणूस दचकतो, धास्ती मात्र टिकत नाही. ते काढून फक्त इंजिन आणि टायरचा आवाज ठेवल्यावर बराच फरक पडला. आरशात दोन दिवे, वळण संपल्यावर एकही नाही, हा शॉट सगळ्यात चालतो. (रेंज नसण्याची पळवाट नको. फोन लागतो, पण मदत पोचायला तासभर आहे.)

रीशूट गाडी उभी ठेवून, बाहेरून दिवे फिरवूनच होईल. स्टंट, ड्रोन सुचवू नका.

पाचव्या ते नवव्या मिनिटात ट्रक पूर्ण गायब करून तिला उजेडातल्या पेट्रोल पंपावर थांबवावं, की तो सतत आरशात ठेवून अंतर हळूहळू कमी करावं?