मदत हवी आहे – घर घेताना सॉलिसिटर कसा निवडावा? (इंग्लंड)

मंडळी, आमची एका लीजहोल्ड (म्हणजे ठरावीक वर्षांच्या लीजवर मिळणाऱ्या) फ्लॅटवरची ऑफर मान्य झालीये आणि आता सॉलिसिटर (खरेदीची कायदेशीर कामं बघणारा वकील) ठरवायचाय. इस्टेट एजंट रोज फोन करून त्यांच्याच ओळखीच्या फर्मचं नाव पुढे करतोय, पण त्यांना त्यात रेफरल फी मिळू शकते असं कळल्यापासून मन तयार होत नाहीये.

एका मैत्रिणीचं ऐकून जास्तच धास्ती बसलीये, तिने सगळ्यात स्वस्त कोट बघून ऑनलाइन फर्म घेतली आणि मग दर वेळी फोनवर वेगळाच माणूस, ईमेलला आठवडा आठवडा उत्तर नाही, शेवटी विकणारा कंटाळून दुसऱ्याकडे गेला आणि सर्चेसचे (घराबद्दलच्या कायदेशीर चौकशांचे) पैसे गेले ते गेलेच.

तर सॉलिसिटर घ्यावा की लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (मुख्यतः घरखरेदी-विक्रीचीच कायदेशीर कामं करणारा परवानाधारक) चालेल? लीजची उरलेली वर्षं, ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं), सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) हे नीट वाचून समजावणारा माणूस हवाय, कारण मला स्वतःला त्यातलं फार कळत नाही. आपल्याला कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनलवर (मान्य फर्म्सच्या यादीत) ती फर्म असावी लागते एवढं माहितीये. कोट मागताना काय काय विचारायचं? लीजहोल्डचे जादा पैसे, बँक ट्रान्सफर फी हे नंतर वाढवतात का? आणि व्यवहार मोडला तर फी किती द्यावी लागते?

एक्सचेंजला (दोन्हीकडचे करार पक्के होतात तेव्हा) साधारण 10 टक्के डिपॉझिट जातं आणि त्यानंतर माघार घेतली तर ते बुडू शकतं, म्हणून त्याआधीच सगळं पक्कं करायचंय. कोणी नुकतंच यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, एजंटला या आठवड्यात नाव द्यायचंय.